झाकण लावलं तरी पाणी वाढतच होतं

‘एल फारो’ या अमेरिकी मालवाहू जहाजाच्या ब्रिजवरचं, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या दालनातलं, शेवटच्या 26 तासांचं बोलणं आज कोणालाही वाचता येतं. तिथल्या माईकनी टिपलेला शब्द न् शब्द एका यंत्रात साठत होता आणि ते यंत्र पुढे समुद्राच्या तळावरून वर काढण्यात आलं. या नोंदीत एक उणीव आहे. इंजीनरूममधून किंवा तळातून फोन आला, की ऐकू येतं ते फक्त ब्रिजवरच्या माणसाचं बोलणं. पाणी खाली शिरत होतं आणि नोंद वर होत होती. त्यामुळे कित्येक ठिकाणी उत्तरावरून प्रश्न ओळखावा लागतो.

जहाज चक्रीवादळात सापडलं आणि बुडालं, अशी ही हकिगत सहसा एका ओळीत सांगतात. ती खोटी नाही. पण वादळातून जाणारं प्रत्येक जहाज बुडत नाही. बुडायला आत पाणी यावं लागतं, आणि ते कुठून तरी यावं लागतं. ‘एल फारो’वरची माणसं शेवटचे दोन तास ती जागा शोधत होती. एक जागा त्यांना सापडलीही.

मंगळवार, 29 सप्टेंबर 2015, रात्री आठचा सुमार

फ्लोरिडातल्या जॅक्सनविल बंदरातून जहाज निघालं. जायचं होतं पोर्तो रिकोतल्या सान हुआनला. त्या बेटावरच्या दुकानांतला बराचसा माल या मार्गाने येतो, म्हणून ही फेरी ठरल्या दिवशी व्हायचीच. जहाज 790 फूट लांब, 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियात चेस्टर इथे बांधलेलं. म्हणजे चाळीस वर्षांचं. वर 391 कंटेनर, खाली ट्रेलर आणि मोटारी मिळून तीनशेच्या आसपास. माणसं 33: 28 अमेरिकी आणि जहाजातल्या पुढच्या बदलांसाठी आणलेले 5 पोलिश कामगार. कप्तान मायकेल डेव्हिडसन.

जहाजाची रचना इथेच समजून घेतलेली बरी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तळाशी माल भरायचे मोठमोठे कप्पे. त्यांच्या डोक्यावर दुसरा डेक. हा डेक पूर्ण बंदिस्त नव्हता, बाजूंना मोकळ्या जागा होत्या. मोठ्या लाटांचं पाणी आत यायचं, डेकवरून वाहायचं आणि बाहेर पडायचं, हे गृहीतच धरलेलं. याच डेकमध्ये खालच्या कप्प्यांत उतरण्यासाठी माणूस जेमतेम मावेल अशी भोकं होती आणि त्यांवर लोखंडी झाकणं. त्यांना स्कटल म्हणतात. झाकण घट्ट असेल तर वरून लाटा गेल्या तरी खालचा कप्पा कोरडा. झाकण उघडं राहिलं तर प्रत्येक लाट थोडी थोडी खाली उतरणार. एखादं झाकण उघडं आहे की बंद, हे ब्रिजवर दाखवणारा दिवा नव्हता. खाली जाऊन डोळ्यांनी बघायचं.

बुधवार, 30 सप्टेंबर, सकाळ

कॅरिबियनच्या उत्तरेला असलेल्या वाकीन वादळाचं आज चक्रीवादळ झालं. ते उत्तरेकडे वळेल, असे अंदाज येत होते. ते मात्र नैर्ऋत्येला सरकत राहिलं, म्हणजे जहाजाच्या वाटेकडेच. डेव्हिडसन यांनी मार्ग किंचित दक्षिणेला वळवला. एवढं अंतर पुरेल, असा त्यांचा हिशेब. ते पाहत होते तो हवामानाचा नकाशा एका खासगी सेवेकडून येई, दिसायला देखणा, रंगीत. पण त्यातली माहिती बनून जहाजावर पोचेपर्यंत काही तास शिळी झालेली असे, आणि एकदा तर त्या सेवेच्या चुकीमुळे ती आणखी जुनी निघाली. ब्रिजवरच्या छापील संदेशांत ताजी स्थिती येत होती. एकाच जहाजावर एकाच वादळाच्या दोन जागा होत्या, आणि कप्तानाचा भरवसा जुन्या जागेवर. जहाजावरचं वारा मोजायचं यंत्रही भरवशाचं नव्हतं.

रात्री आठच्या सुमारास कप्तान ब्रिजवरून आपल्या खोलीत गेले.

रात्री 11.05

पहाऱ्यावरचे तिसरे अधिकारी जेरेमी रीम यांनी कप्तानाला फोन केला. ताज्या संदेशावरून आखणी केली तर पहाटे चारला आपण वादळाच्या केंद्रापासून अवघ्या 22 मैलांवर असू, असं त्यांनी सांगितलं. कप्तान काय म्हणाले ते नोंदीत नाही. मार्ग बदलला नाही.

गुरुवार, 1 ऑक्टोबर, रात्री 1.20

आता पहारा दुसऱ्या अधिकारी डॅनिएल रँडॉल्फ यांचा. त्यांनी एक नेमकी वाट सुचवली: थोड्या वेळाने दक्षिणेकडे वळायचं आणि बेटांच्या आडून जुन्या बहामा खाडीचा रस्ता धरायचा. त्यांनाही आहे तोच मार्ग ठेवायला सांगण्यात आलं.

जहाजावर कप्तानाशी वाद घालायची रीत नाही, हे खरं. पण हुकूम मोडणं आणि त्याला ब्रिजवर बोलावून नकाशा समोर धरणं, यांच्यामध्ये बरीच जागा असते. दोन्ही अधिकाऱ्यांनी फोन केला, सौम्यपणे सांगितलं, नकार ऐकला आणि पुन्हा कामाला लागले. आपल्याकडे मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात ‘पी-305’ ही राहण्याची बार्ज नांगर तुटून भरकटली, तेल काढायच्या एका फलाटाला धडकली, तिला भोक पडलं आणि ती बुडाली. इशारे तिथेही वेळेत पोचले होते. इशारा पोचणं आणि तो मनावर घेतला जाणं, यांत सगळीकडे हेच अंतर दिसतं.

पहाटे 4.09

कप्तान ब्रिजवर आले. आठ तास ते तिथे नव्हते. पहारा आता चीफ मेट स्टीव्हन शुल्ट्झ यांच्याकडे. वारा डाव्या बाजूने इतक्या जोरात लागत होता की जहाज उजवीकडे कललेलं होतं आणि तसंच राहत होतं. झोके खाणं वेगळं आणि एका बाजूला कलून तिथेच टिकणं वेगळं. बाहेर अंधार. खाली दुसऱ्या डेकची उजवी कड पाण्याच्या अधिक जवळ आलेली.

4.40 च्या पुढे

खालून इंजीनवाल्यांचा निरोप आला: हा कल कमी करा, तेलाच्या पातळीची अडचण होतेय. जहाज वाफेच्या टर्बाइनवर चालायचं. टर्बाइनच्या धारव्यांना सतत वंगणतेल लागतं. ते खालच्या टाकीतून पंप उपसतो, आणि पंपाच्या नळीचं तोंड टाकीच्या मधोमध नव्हतं, थोडं उजवीकडे होतं. शिवाय टाकीतलं तेल पुस्तिकेत सांगितलेल्या पातळीपेक्षा कमी होतं. जहाज एका बाजूला फार झुकलं की तेलही तिकडे जातं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. विहिरीत पाणी तळाला गेलं की मोटार हवा ओढू लागते, तसंच.

कप्तानाने जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवून कल कमी करायचा प्रयत्न केला. आतापर्यंत सगळ्यांचा समज एकच: हा कल वाऱ्याचा आहे.

5.43

फोन वाजला. कप्तानाच्या बोलण्यावरून कळतं की तीन नंबरच्या कप्प्यात पाणी आहे. हा कप्पा इंजीनरूमच्या लगेच पुढचा. शुल्ट्झ यांना खाली पाठवलं, त्या कप्प्याचे पंप चालू करायला सांगितले.

आता कलाला दुसरं कारण मिळालं, आणि ते जास्त वाईट. वाऱ्याने कललेलं जहाज वारा पडला की सरळ होतं. आत आलेलं पाणी मात्र जहाज झुकेल त्या बाजूला धावतं, आणि आणखी झुकवतं.

पाणी कुठून? संशय उजव्या बाजूच्या स्कटलवर गेला. तो बरोबर होता. दुसऱ्या डेकवरून वाहणाऱ्या लाटांचं पाणी त्या उघड्या भोकातून खाली पडत होतं. किती वेळ, ते कोणीच पाहिलेलं नव्हतं. डेव्हिडसन यांनी नंतर कंपनीला सांगितलं की ते झाकण समुद्राच्या माऱ्याने उघडलं. कारण काही असो, उघडं झाकण रात्रीत कधीतरी तिथे होतं आणि ब्रिजवर त्याची खूण नव्हती.

5.54

इथे या रात्रीतला सगळ्यात कठीण निर्णय झाला. तो घेतला गेला गळती शोधण्यासाठीच.

झाकण उजवीकडे आणि जहाजही उजवीकडे झुकलेलं. म्हणजे ते भोक लाटांच्या तोंडाशी. तिथे माणूस पाठवायचा, वाकून झाकण लावायला सांगायचं, तर आधी ती बाजू वर उचलायला हवी. कप्तानाने जहाज डावीकडे वळवलं, म्हणजे वारा उजव्या बाजूने लागेल आणि जहाज डावीकडे झुकेल. उजवीकडच्या टाकीतलं पाणीही डावीकडे ढकलायला सांगितलं. त्या क्षणी हा विचार शहाणपणाचा होता. माझ्या मते त्या ब्रिजवर दुसरा कोणी असता तर त्यानेही बहुधा हेच केलं असतं.

सहाचा सुमार

जहाज डावीकडे गेलं, उजवी बाजू वर आली, खालच्या माणसांनी झाकण बंद केलं आणि तसं ब्रिजवर कळवलं.

गळती सापडली. बंद झाली. पंप चालू. नोंद वाचताना इथे थोडा वेळ सगळ्यांचा सूर बदलतो: आता फक्त आत आलेलं पाणी उपसायचं, कल सावरायचा, वादळातून बाहेर पडायचं.

6.13

इंजीनचा आवाज बदलला आणि थांबला. डावीकडचा कल आता तेलाच्या पंपाला मानवेना. तोंड उजवीकडे असलेली नळी तेलाबाहेर आली, वंगणाचा दाब गेला, टर्बाइन बंद पडलं.

जहाजाला आता तोंड फिरवता येईना. ज्या कोनात वारा ठेवील त्या कोनात ते राहणार. वारा आणि लाटा आडव्या लागणार. वाकीनचं केंद्र जवळच.

6.13 ते 7.00

इंजीन पुन्हा चालू करायचे प्रयत्न होत राहिले. ते चालू व्हायला कल कमी हवा आणि कल कमी करायला इंजीन हवं, अशी कोंडी.

तीन नंबरच्या कप्प्यातलं पाणी पंप उपसत होते, तरी पाणी कमी होईना. झाकण तर बंद. मग?

या पाऊण तासाकडे तपासकर्त्यांनी बारकाईने पाहिलं. जहाज कितपत पाणी सोसू शकतं, एक कप्पा भरला तर काय, दोन भरले तर काय, हे सांगणारा मंजूर केलेला आराखडा जहाजावर नव्हता. तो हातात असता तर गोष्ट ‘अडचणीची’ नाही, ‘बुडण्याची’ आहे, हे कदाचित लवकर कळलं असतं. माणसांना बोटींकडे जमवायचा हुकूम अजून सुटला नव्हता.

7.00

कप्तानाने उपग्रह फोनवरून कंपनीच्या ठरलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला गाठायचा प्रयत्न केला होता, निरोप ठेवला होता. आता आपत्कालीन क्रमांकाला फोन. उचलणारा माणूस किनाऱ्यावरच्या उत्तर देणाऱ्या सेवेतला. त्याने रीतीप्रमाणे माहिती विचारली: जहाजाचं नाव, नावातली अक्षरं, फोन क्रमांक. कप्तान एकेक अक्षर सांगत होते. त्या माणसाला दोष देता येत नाही, त्याला तेवढंच शिकवलं होतं. पण शिकवणाऱ्याने या क्षणाची कल्पना केली नव्हती, एवढं उघड आहे.

7.07

सुरक्षा अधिकाऱ्याशी बोलणं झालं. झाकण उघडलं होतं, आता बंद आहे, तीन नंबरच्या कप्प्यात पुष्कळ पाणी आहे, जहाज बरंच कललंय, इंजीन बंद आहे, माणसं सुरक्षित आहेत. आवाज शांत. संकटाचे संदेश पाठवतोय, हेही सांगितलं.

या निरोपात गळतीचा उल्लेख भूतकाळात आहे. ब्रिजवरच्या हिशेबात ती संपली होती.

7.13

संकटाचे संदेश सुटले.

7.15

शुल्ट्झ खालून परतले. पाणी वाढतंय. कप्प्यात मोटारी सुटून तरंगताहेत. आणि चीफ इंजीनियरचं म्हणणं असं की काहीतरी जोरात आदळून आगीच्या पाण्याची नळी फुटली आहे.

त्या कप्प्यात मागच्या अंगाला, उजव्या बाजूला, आग विझवायचा आपत्कालीन पंप होता. हा पंप समुद्राचं पाणी थेट ओढतो, म्हणून त्याची नळी जहाजाच्या पत्र्यातून बाहेर उघडते. म्हणजे ही नळी फुटली, की समुद्राला आत यायला रुंद दरवाजा मिळाला. नळीला आडोसा नव्हता. आधी स्कटलमधून पाणी आलं, त्या पाण्यात मोटारी तरंगू लागल्या, आणि एखादी मोटार लाटेगणिक इकडून तिकडे जात नळीवर आदळली. पहिल्या गळतीने दुसरी गळती तयार केली. म्हणून झाकण लावल्यावर पाणी थांबणं शक्यच नव्हतं, आणि म्हणूनच झाकण लावणाऱ्यांना ते कळणंही अवघड होतं.

कप्तानाने विचारलं, ती नळी कुठून तरी बंद करता येईल का? पाहून खात्री करणंही आता शक्य नव्हतं, नळी काळ्या पाण्याच्या खाली गेली होती. त्याच सुमारास पुढच्या ‘दोन-ए’ कप्प्यातल्या पाण्याचाही इशारा वाजला.

दुसऱ्या कप्प्यात पाणी! ही बातमी नळीच्या बातमीपेक्षाही मोठी होती.

7.27

सर्वांना जमवणारी घंटा.

7.29

जहाज सोडा, असा हुकूम. रँडॉल्फ यांना कंटेनर पाण्यात पडलेले दिसले. जहाजाचं नाक खाली गेलं होतं. जीवरक्षक बोटी उघड्या, जुन्या पद्धतीच्या. इतक्या वाऱ्यात आणि इतक्या कलात त्या पाण्यात सोडणं जवळपास अशक्य. हवेने फुगणारे तराफे समुद्रात टाका, अशी सूचना ऐकू येते.

सुकाणूवरचा खलाशी तिरक्या फरशीवरून वर चढू शकत नव्हता. तुला सोडून जात नाही, असं कप्तान त्याला सांगत राहिले. ज्या माणसाच्या निर्णयांनी जहाज इथवर आणलं त्याच माणसाची ही दहा मिनिटं आहेत, आणि दोन्ही खरं आहे.

7.39

नोंद संपते.

नंतर

33 पैकी कोणीच वाचलं नाही. तटरक्षक दलाने 7 ऑक्टोबरपर्यंत शोध घेतला. 31 ऑक्टोबरला अमेरिकी नौदलाच्या ‘अपाची’ या जहाजाला बहामाच्या क्रुकेड आयलंडच्या ईशान्येला, सुमारे 15,400 फूट खोलीवर, ‘एल फारो’ सापडलं. ब्रिज मूळ जहाजापासून तुटून वेगळा झाला होता, नोंदयंत्रही त्याच्याबरोबर गेलं होतं. ते एप्रिल 2016 मध्ये दिसलं आणि ऑगस्टमध्ये वर आणलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर 2017 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. वादळ टाळण्यासाठी पुरेसं न करणं, ताज्या हवामानाकडे दुर्लक्ष आणि माणसं जमवायला झालेला उशीर ही कप्तानाची बाजू. कंपनीची देखरेख तोकडी, ही दुसरी. पाण्याचा मागही तपासकर्त्यांनी काढला, आणि त्यांना आणखी एक वाट मिळाली, जी त्या पहाटे ब्रिजवर कोणी बोलूनही दाखवली नव्हती.

कप्प्यांत हवा खेळती ठेवण्यासाठी जहाजाच्या दोन्ही बाजूंना मोठे वायुमार्ग होते. मोटारींच्या टाक्यांतल्या वाफा साठू नयेत म्हणून प्रवासात ते उघडेच ठेवायचे, असा नियम. जहाज सरळ असताना त्यांची तोंडं पाण्यापासून वर. 2006 च्या सुमारास जहाजावर कंटेनर लादण्यासाठी बदल केले, आणि भरलेलं जहाज पूर्वीपेक्षा दोन फुटांहून अधिक खोल बसू लागलं. तोंडं तेवढी पाण्याजवळ आली. त्यात हा कल. लाटा थेट या मार्गांतून कप्प्यांत उतरू लागल्या, आणि ‘दोन-ए’ कप्प्याचा इशारा वाजण्यामागे हे मार्ग असणं सगळ्यात संभवनीय दिसतं. सुकाणूपाशी उभं राहून ते बंद करायला सांगणारं कोणीच नव्हतं, कारण त्यांना पाण्याची वाट समजायची सवयच नव्हती.

मंडळाने एकूण 53 शिफारशी केल्या. स्कटल उघडं आहे की बंद हे ब्रिजवर दिसावं, समुद्राशी जोडलेल्या नळ्यांना धडकेपासून आडोसा असावा, वायुमार्गांची गणना पाणी शिरण्याच्या जागांत व्हावी, आणि जीवरक्षक बोटी बंदिस्त असाव्यात, या त्यांतल्या काही. ‘एल फारो’चं जुळं भावंड ‘एल युंके’ तेव्हा अजून चालू होतं. तटरक्षक दलाने 2016 मध्ये त्याचे वायुमार्ग तपासले तेव्हा ते गंजून खराब झालेले निघाले. ते जहाज दुरुस्त न करता भंगारात काढण्यात आलं.